५४ सालची मॉरिस मायनर, आजोबांची ग्रीसगन, आणि ग्रीस काही आत जाईना

मिरजेचा_मॉरिस

नमस्कार मंडळी. घरी १९५४ ची मॉरिस मायनर आहे, सिरीज टू, ८०३ सीसीची. आजोबा मिरजेत डॉक्टर होते, त्यांची व्हिजिटची गाडी. नंतर बरीच वर्षं ती शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. आता इंजिन चालू झालंय, ब्रेकचं काम झालंय, गावातल्या गावात फिरते. स्टीअरिंग मात्र इतकं जड आहे की बोळात वळवताना खांदे भरून येतात. वळण संपल्यावर सोडून दिलं तरी आपणहून सरळ होत नाही, हातानेच आणावं लागतं.

गाडीच्या टूलबॉक्समध्ये आजोबांची ग्रीसगन मिळाली. वीतभर लांबीची लोखंडी नळी, पुढे बारीक तोंड, मागे लाकडी मूठ. लिव्हर वगैरे काही नाही. नळीवर ‘टेकालेमिट’ असं कोरलंय. आतलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं, ते रॉकेलने धुऊन काढलं आणि बाजारातलं मल्टिपर्पज ग्रीस भरलं. निप्पलवर (ग्रीस आत घ्यायच्या बारीक तोटीवर) तोंड टेकवून जोरात दाबलं की थोडं ग्रीस बाजूने बाहेर येतं, आत काहीच जात नाही. दोनचार दाबांनंतर तर बाहेरही येईना.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ही गन मुळात वापरायची कशी? ग्रीस कोणतं? आणि इथला एक मेस्त्री म्हणतो की या गाडीच्या किंगपिनला, म्हणजे पुढचं चाक ज्या उभ्या पिनेवर वळतं तिला, ग्रीस नाही, ऑइल द्यायचं असतं. खरं आहे का?

कोल्हापुरी_पाना

भावा, ती गन पॉलिश करून शोकेसमध्ये ठेव. हजार-बाराशेत लिव्हरची गन मिळते, पुढे रबरी होज असलेली घे. दोन लिव्हर मारले की जुनं ग्रीस बाहेर. उगाच खांदे कशाला दुखवून घेतोस, ते आधीच स्टीअरिंगने दुखवलेत.

हेरल्डवाला_नाशिक

तुमचा मेस्त्री बरोबर बोलतोय. माझ्याकडे ६७ ची स्टँडर्ड हेरल्ड आहे. खालच्या ट्रनियनला (चाकाची उभी पिन ज्या भागात फिरते तो) ग्रीस अजिबात नाही, ९० नंबरचं हायपॉइड गिअर ऑइल. कंपनीच्या पुस्तकातच तसं लिहिलंय. ग्रीस भरून ठेवलेल्या हेरल्डचं चाक रस्त्यात आडवं झालेलं डोळ्यांनी पाहिलंय. ट्रनियन पितळेसारख्या धातूचा आणि त्यात फिरणारे आटे पोलादाचे. आत ग्रीस सुकून बसलं की आट्यांपर्यंत काहीच पोचत नाही. तुम्हीही ऑइलच घाला.

दापोडीकाका

एसटीच्या दापोडी वर्कशॉपात माझी नोकरी झाली. तिथे बसच्या शॅकल पिना आणि किंगपिना ग्रीस करता करता मनगटं बनली. निवृत्तीनंतर जुन्या इंग्रजी गाड्यांचा नाद लागला. म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर वगळा.

आधी ऑइल-ग्रीसचा घोळ. नाशिककर हेरल्डबद्दल बोलले ते सोळा आणे खरं. पण हेरल्ड ट्रायम्फची, आपल्याकडे मद्रासला स्टँडर्डने बनवलेली. मायनर मॉरिसची. दोन्ही गाड्यांत ट्रनियन नावाचा भाग आहे, दोन्हींत त्याला आटे आहेत, म्हणून मेस्त्री लोक एकीचं औषध दुसरीला देतात. मायनरच्या चारही ट्रनियनना निप्पल आहेत, वर दोन आणि खाली दोन, आणि त्या ग्रीसच्याच आहेत. कंपनीच्या जुन्या पुस्तकात दर हजार मैलांना ग्रीस द्या असं लिहिलंय, म्हणजे दर सोळाशे किलोमीटरला. तुमची गाडी वर्षात तेवढी फिरणारही नाही, तेव्हा महिने मोजा. पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा.

मायनरमध्ये हायपॉइड ऑइल लागतं ते स्टीअरिंगच्या रॅकला, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दातेरी दांड्याला. रॅकवर वेगळी निप्पल असते आणि ती दिसायला ग्रीसच्या निप्पलसारखीच असते, हीच गंमत. तिथे ग्रीस ठासलं की ते रॅकच्या दोन टोकांच्या रबरी गेटरमध्ये (टोपणांत) जाऊन बसतं आणि दात कोरडेच राहतात. तुमच्या मेस्त्रीने हे कुठेतरी ऐकलं असेल आणि किंगपिनला लावलं असेल.

आता ट्रनियन का महत्त्वाचा, ते. आपल्या बहुतेक गाड्यांत किंगपिन म्हणजे बुशात फिरणारी गुळगुळीत पिन. मायनरमध्ये तसं नाही. उभ्या पिनेच्या दोन्ही टोकांना आटे आहेत आणि ती पिन ट्रनियनमध्ये स्क्रूसारखी फिरते. एका बाजूच्या चाकाला उजवे आटे, दुसऱ्या बाजूला डावे. स्टीअरिंग वळवलं की पिन आट्यांत किंचित वरखाली होते. समोरचा सगळा भार या आट्यांवर. ते कोरडे पडले की एकमेकांना खातात. खाऊन खाऊन आट्याचं पातं कागदासारखं होतं आणि एके दिवशी, बहुधा हळू वेगात वळताना किंवा खड्ड्यात, पिन ट्रनियनमधून निसटते. चाक मडगार्डखाली दुमडतं आणि गाडी नाकावर बसते. या गाडीची ही जगप्रसिद्ध खोड आहे आणि त्यावर उपाय एकच, ग्रीस. गाडी ज्याने आखली तो अ‍ॅलेक इसिगोनिस, पुढे मिनी गाडीही त्याचीच. फार हुशार माणूस. पण त्याने धरून चाललं होतं की मालक दर हजार मैलांना गाडीखाली वाकेल.

म्हणून ग्रीस घालण्याआधी खेळ बघा, म्हणजे सांधा किती ढिला झालाय ते. पुढचं चाक उचला, वर आणि खाली धरून हलवा. खडखडत असेल तर घरातल्या कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर तो हबच्या बेअरिंगचा. ब्रेक दाबूनही तसाच राहिला तर ट्रनियनचा. तसा असेल तर ग्रीसने तो लपेल, बरा होणार नाही. ट्रनियन बदलेपर्यंत गाडी अंगणाबाहेर काढू नका.

जॅक लावायचा तो चॅसीला किंवा मधल्या क्रॉसमेंबरला. खालच्या आर्मला नाही. चाक लोंबकळत राहिलं पाहिजे. गाडी जमिनीवर असताना आट्यांची एक बाजू भाराने घट्ट दाबलेली असते. ग्रीस जातं मोकळ्या बाजूला आणि जिथे झीज होते ती बाजू कोरडीच राहते. चाक लोंबकळलं की दाबलेली बाजू सुटते. गाडीखाली घोडे (लोखंडी आधार) लावल्याशिवाय हात घालायचा नाही, नुसत्या जॅकवर तर मुळीच नाही.

मग चाक काढा. न काढताही जमतं, पण वरची निप्पल दिसत नाही आणि गन तिरकी लागते. गन तिरकी लागली की बाजूने ग्रीस येणारच. तुमचं अर्धं दुखणं तेच असावं.

उरलेलं अर्धं गनमध्ये आहे. या गनचं तोंड म्हणजे एक बारीक पिस्टन आहे. तोंड निप्पलवर टेकवून मूठ पुढे रेटली की ते तोंड नळीच्या अरुंद भोकात मागे सरकतं आणि तिथलं तेवढंच ग्रीस पुढे ढकलतं. हात सैल केला की स्प्रिंगने तोंड बाहेर येतं आणि मागून नवं ग्रीस त्या जागेत भरतं. भोक अरुंद असल्यामुळे हाताच्या जोरावरसुद्धा दाब चांगला तयार होतो, पण एका दाबात बाहेर पडतं ते मुगाच्या डाळीएवढं. लिव्हरच्या गनमधून एका ओढीला साधारण एक ग्रॅम येतं. त्यामुळे दोन दाबांत निकाल मागू नका, वीस-पंचवीस दाब द्या.

दोनचार दाबांनंतर बाहेरही येईना म्हणालात, म्हणजे आत हवा अडकली. बोटाने ग्रीस भरताना गोळ्यांमध्ये पोकळ्या राहतात. नळीत ग्रीस थोडं थोडं घाला आणि दर वेळी नळीचं बूड लाकडी फळीवर आपटा, म्हणजे ते खाली बसतं. झाकण लावल्यावर तोंड एखाद्या फळीवर टेकवून दाबत राहा. फुसफुस थांबून सलग दोरी यायला लागली की मग निप्पलकडे वळा.

ग्रीस लिथियमचं, घट्टपणा दोन नंबर, डब्यावर ईपी (म्हणजे जास्त दाब सोसणारं) लिहिलेलं असलं तर उत्तम. तुमच्या गनला थंडीत दोन नंबर जड जाईल, तेव्हा डबा उन्हात ठेवा. आजोबांच्या काळचं ग्रीस बहुधा चुन्याच्या साबणाचं असणार. ते पाण्याला दाद देत नाही, पण शंभर अंशांच्या आसपास पातळ होऊन वाहून जातं. लिथियमचं त्यापेक्षा बरंच जास्त तापमान सोसतं. जुनं ग्रीस बाहेर पडून नवं ताजं दिसेपर्यंत भरायचं. ते ट्रनियनच्या कडेच्या रबरी रिंगांपाशी दिसेल. आधी काळं, त्यात चमचम असेल तर ती लोखंडाची पूड समजा. मग तपकिरी, मग डब्यातल्या रंगाचं. भरताना कोणीतरी स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहू दे, आट्यांत सगळीकडे पोचतं.

आणि निप्पल आधी पुसा! फडक्याने, मग ब्रशने. निप्पलवरची माती गन आत ढकलते आणि आट्यांत ती सँडपेपरचं काम करते.

मिरजेचा_मॉरिस

काका, शब्दच नाहीत. आज सांगितल्याप्रमाणे केलं. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला, म्हणजे बेअरिंगचा निघाला, जीव भांड्यात पडला. डाव्या बाजूच्या दोन्ही निप्पलनी ग्रीस घेतलं. आधी डांबरासारखं काळं आलं, मग पिवळं. चमचम नव्हती.

उजव्या बाजूची खालची निप्पल मात्र ढिम्म. आणि गनच्या मागच्या बाजूने, मुठीकडून, ग्रीस ओघळायला लागलं. आत एक चामड्याची वाटी आहे, ती लाकडासारखी कडक झालीय. ही कुठे मिळेल?

दापोडीकाका

वाटी विकत मिळायची नाही, करून घ्या. सायकलच्या पंपात चामड्याचा वायसर असतो तोच प्रकार, फक्त मोठा. आधी जुनीच वाचते का बघा. कोमट एरंडेलात रात्रभर ठेवा, सकाळी बोटाने कडा बाहेर वळवा. मऊ झाली तर काम झालं. गेली असेल तर तुम्ही कोल्हापूरपासून तासाभरावर आहात, तुम्हाला काय चिंता? चप्पल लाइनीत जाऊन बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या चामड्याचा तुकडा मागा. तसलं चामडं पाण्यात भिजवून साच्यात दाबलं की आकार धरून बसतं. क्रोमचं चामडं आणू नका, ते वाटी धरत नाही. साचा म्हणजे नळीच्या आतल्या मापाचा पाइप आणि त्यात चामड्याच्या जाडीएवढा बारीक बसणारा लाकडी ठोकळा. पूर्ण वाळू द्या, मग एरंडेल पाजा.

उजव्या निप्पलचं असं करा. ती उघडा आणि हातात धरून तिच्यावर गन लावा. निप्पलमधूनच ग्रीस येत नसेल तर आतली बारीक गोळी अडकलीय. पिनेने गोळी दाबून बघा, डिझेलमध्ये टाका, नाहीतर नवी लावा. निप्पल मोकळी असेल तर खाली ट्रनियनमध्ये गच्च बसलंय. भोकात डिझेल सोडा, चाक लोंबकळतं ठेवून स्टीअरिंग फिरवा, रात्रभर मुरू द्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिथे ब्लोलॅम्प लावू नका. बाजूला रबर आहे, ब्रेकचा पाइप आहे.

इथे मात्र कोल्हापूरकरांची लिव्हरची गन कामाला येईल. कोणाची तरी मागून आणा, अडलेल्या आट्यांना तिचा दाब हवाच. दोन गोष्टी सांभाळा. एक, रबरी होज जुना, चिरलेला नको. त्या गनमध्ये हजारो पीएसआयचा दाब तयार होतो. होजच्या बारीक भोकातून ग्रीसची धार बोटावर आली तर ती कातडीत घुसते. वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, सुरुवातीला फार दुखतही नाही, म्हणून माणूस पट्टी लावून झोपतो. ते शस्त्रक्रियेचं काम आहे आणि लगेचचं, बोट जाऊ शकतं. दुसरं, अडलेली वाट मोकळी झाली आणि ग्रीस भसाभस जायला लागलं तर थांबा. कडेची रबरी रिंग बाहेर ढकलली गेली की पावसाचं पाणी आट्यांत शिरायला वाट मिळते.

तुमच्या आजोबांची गन शोकेसमध्ये ठेवू नका. रॅकच्या ऑइलसाठी तिच्यासारखी दुसरी नाही. लिव्हरच्या गनमध्ये ऑइल भरलं तर ते सगळीकडून गळतं. चामड्याची वाटी चांगली असेल तर ही गन गळत नाही, आणि हात हलका असल्यामुळे गेटर फुटेपर्यंत भरण्याची भीतीही कमी.

हेरल्डवाला_नाशिक

काका, मान्य. मी सरसकट बोललो ते सोडून देतो, हेरल्डपुरतं धरा. एक विचारतो, मायनरच्या वॉटर पंपालाही ग्रीसचं भोक आहे ना? तिथेही गन लावायची?

दापोडीकाका

८०३ च्या पंपावर एक छोटा स्क्रू-प्लग असतो. तिथे गन लावायचीच नाही. प्लग काढून बोटाने थोडंसं ग्रीस सरकवायचं, बस. दाब दिला की ते सीलच्या पलीकडे जातं आणि पंप गळायला लागतो. डायनामोच्या मागच्या बेअरिंगला तेलाचे दोनतीन थेंब. डिस्ट्रिब्युटरच्या कॅमवर ग्रीसचा नुसता हात, जास्त झालं तर पॉइंटवर उडून गाडी बंद. हँडब्रेकच्या केबलींना मागच्या बाजूला निप्पल असतात, त्या हमखास विसरल्या जातात, मग हँडब्रेक सुटत नाही म्हणून लोक ड्रम ठोकत बसतात. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसलाही निप्पल आहेत. एखादी निप्पल वर गेली असेल तर गाडी ढकलून शाफ्ट अर्धा फिरवा, म्हणजे हाताला येते.

आणखी एक सवय आपल्याकडची. सर्व्हिसिंगनंतर गाडीखाली जुनं इंजिन ऑइल फवारतात, गंज धरू नये म्हणून. मायनरच्या मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगांना टोकांना रबरी बुश आहेत. ऑइलने ते फुगून पोचट होतात. तुमच्या गाडीखाली कोणी पंप घेऊन आला तर चहा पाजून परत पाठवा.

काउलीची_काकू

सहज वाचत होते, राहवलं नाही. मी ऑक्सफर्डजवळ राहते, काउलीचा कारखाना जाता-येता दिसतो. तुमची गाडी काउलीचीच, आता काउलीत मिनी बनते. माझ्याकडे मायनर ट्रॅव्हलर आहे, मागे लाकडी चौकटवाली. इकडे चाळीस वर्षांपुढच्या गाड्यांना २०१८ पासून वार्षिक तपासणी माफ झाली, त्यामुळे खाली वाकून ट्रनियन बघणारा तपासनीस बऱ्याच जणांच्या आयुष्यातून गेला. मी तरीही दरवर्षी नेते. आमच्या क्लबात कोणाचं चाक दुमडलं की पहिला प्रश्न हाच असतो, शेवटचं ग्रीस कधी दिलं होतंस. नवे ट्रनियन, पिना, रबरी रिंगा, निप्पल, सगळं इकडे आजही विकत मिळतं. मिरजेच्या दादा, उजवीकडचं नाहीच सुटलं तर कळवा. डिसेंबरात सांगलीला येते आहे, सामानात घालून आणेन. पण कोणत्या बाजूचं ते नीट लिहा. डावे-उजवे आटे वेगळे आहेत, उलटं आणलं तर माझी बॅग आणि तुमचे पैसे दोन्ही वाया.

मिरजेचा_मॉरिस

काकू, मनापासून आभार, तुमचा निरोप आईलाही वाचून दाखवला. पण उजवी सुटली! निप्पलमध्येच गोळी अडकली होती. डिझेलात टाकली तरी हलली नाही, म्हणून इथल्या दुकानातून नवी आणली. दुकानदाराने सहा एमएमची दिली. हाताने सहज बसतेय, थोडी हलते. पान्याने आवळू का?

दापोडीकाका

नका आवळू! तुमच्या गाडीची बहुतेक पाव इंची यूएनएफ (इंची मापाच्या बारीक आट्यांची) असणार, म्हणजे ६.३५ मिलिमीटर, इंचाला २८ आटे. सहा एमएमची त्यात सैल जाते आणि आवळली की ट्रनियनचे आटे तासते. आत्ता घट्ट वाटेल आणि लिव्हरचा दाब आला की गोळीसारखी सुटेल. जुनी निप्पल घेऊन नट-बोल्टच्या दुकानात जा, आटे मोजायचा गेज लावून घ्या. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात पाव इंची मिळण्याची शक्यता जास्त, मॅसी फर्ग्युसनचा माल ठेवणारा बघा. नाहीच मिळाली तर काकूंना एक निप्पल पाकिटात घालायला सांगा, त्याला बॅग लागत नाही. तोवर भोकात कागदाचा बोळा घाला आणि गाडी शेडमध्येच राहू द्या.